परीक्षकांचं बंपर पीक

यंदा आपल्या हिंगणीत सोयाबीनला उतारा किती आला आणि कापसाच्या पहिल्या वेच्याचं काय झालं, ते ज्याचं त्याला ठाऊक. पण परीक्षकांचं पीक असं आलंय, की साठवायला गोदाम पुरायचं नाही! गणपती असो, शारदोत्सव असो, तान्हा पोळा असो की शाळेचं गॅदरिंग, स्टेजवर नाचणारी पोट्टी पाच आणि खाली बसून त्यांना मार्क देणारे पाचशे. काय म्हणावं या जगाला? अरे, नाच आहे तर बघा ना बाप्पा! टाळ्या वाजवा, शेंगा फोडा, टरफलं पुढच्याच्या टोपीवर टाका आणि घरी जा. पण नाही. आता प्रत्येकाला त्या नाचाची वाटणी करायची आहे. पायाला इतके, डोळ्याला इतके, लुगड्याच्या काठाला इतके. शिव शिव शिव! आणि आपण? आपण आपले तोंडाला रुमाल लावून बाजूला उभे. हसू दिसायला नको म्हणून.

आधी ते टेबल बघा. स्टेजच्या अगदी समोर, म्हाताऱ्या माणसांची हक्काची जागा उठवून, ते मांडलेलं असतं. वर शाळेतून आणलेला टेबलक्लॉथ, त्याच्यावरचा शाईचा डाग फुलदाणीनं झाकलेला. तीन बिस्लेरीच्या बाटल्या, तीन प्लेटांत काजू आणि क्रीमची बिस्किटं. तीन पुठ्ठ्यांचे पॅड, त्यांच्या चिमट्यात हातानं आखलेला तक्ता: वेशभूषा, हावभाव, ताल, गाण्याची निवड, एकंदर परिणाम. पहिली चार घरं आपल्यालाही कळतात. पण हा 'एकंदर परिणाम' म्हणजे काय हो? मुलगी देणगीदाराची असली की तो होतो, आणि नसली की होत नाही, एवढंच आपल्याला आजवर दिसलं आहे.

टेबलामागे तीन मूर्ती. पहिली मूर्ती लिहिते. दुसरी पहिलीच्या पॅडमध्ये बघून लिहिते. तिसरी मोबाइलमध्ये बघते आणि शेवटी दोघांची सरासरी काढते. आणि मार्क किती? साडेसात! सात दिले तर पोरीचा बाप रुसतो, आठ दिले तर शेजारचा बाप रुसतो. म्हणून साडेसात. परीक्षक सुटतो, साडेसाती मात्र आयोजकांच्या मागे लागते, कारण रात्री बारा वाजता सोळा स्पर्धक साडेसातवर बरोबरीत उभे असतात.

परीक्षक कुठून आणायचा, याचंही आता शास्त्र झालं आहे. गावातला परीक्षक म्हणजे पक्षपाती. ते तर उघडच आहे. तालुक्याच्या सेलूहून आणलेला बरा. वर्ध्याहून आणलेला चांगला, त्याच्या नावामागे पत्रिकेत 'सुप्रसिद्ध' लागतं. आणि नागपूरहून आणला तर काही विचारूच नका. तो काहीच बोलला नाही तरी लोक म्हणतात, माणूस किती खोल आहे! येताना कारमध्ये त्याला झोप लागली होती आणि अजून ती पुरती गेलेली नाही, हे फक्त चहा नेणाऱ्या पोराला कळतं. ते पोरगं सकाळी गावभर सांगतं, म्हणून आपल्यालाही कळतं.

मग भाषण. "सगळेच स्पर्धक एकापेक्षा एक सरस असल्यामुळे निर्णय घेताना आमची दमछाक झाली." दमछाक? काजूची प्लेट रिकामी कुणी केली मग? तरी लोक ऐकतात. नुसते ऐकत नाहीत, मन लावून ऐकतात. नाचाच्या वेळी जे मागे उभे राहून खर्रा घोटत होते, तेही परीक्षकानं माइक धरला की पुढे सरकतात. नाचापेक्षा निकालाला गर्दी जास्त! असं कधी कुणी ऐकलं होतं का?

हे खूळ गावात शिरलं छतावरच्या छत्रीतून. १९९६ साली सोनीवर 'बूगी वूगी' सुरू झालं तेव्हा जावेद जाफरी, नावेद जाफरी आणि रवी बहल यांचा कुणाला धाक वाटायचा नाही. ते हसायचे, चेष्टा करायचे. मग २००४ मध्ये 'इंडियन आयडॉल' आलं, आणि परीक्षकानं चारचौघांत पाणउतारा केला तर तोही बघायला गोड लागतो, हा शोध देशाला लागला. पुढच्या वर्षी आपला अभिजीत सावंत जिंकला, म्हणून आपण तो पाणउतारा माफही करून टाकला. पण खरी लागण झाली ती २००८-०९ च्या हिवाळ्यात. झी मराठीवर 'सारेगमप लिटिल चॅम्प्स', खुर्चीवर अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत, समोर पाच पिटुकली पोरं. आळंदीची कार्तिकी गायकवाड जिंकली. पण त्या हिवाळ्यात कोणत्या घरात परीक्षक जन्माला आला नाही, सांगा पाहू? ज्या आजीनं जन्मात 'सा' कशाशी खातात ते बघितलं नव्हतं, ती दुलईतून हात काढून म्हणायची, "आज हिचा वरचा सा लागला नाही." आणि घरातली तीन माणसं माना डोलवायची! मोबाइलमधला बॅलन्स एसएमएसच्या मतांवर उडाला, म्हणून घराघरात भांडणं झाली. आपल्या घरी? छे, आपल्या घरी फक्त दोनदाच.

एवढ्यानंही भागेना. 'एकापेक्षा एक'मध्ये सचिन पिळगावकर थेट 'महागुरू' झाले. म्हणजे नुसता परीक्षक आता हलका पडायला लागला, त्याच्यावर आणखी एक हुद्दा हवा! आणि २०१८ पासून सोनी मराठीवर 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' आहेच. खरं सांगा, स्किट बरं झालं की नाही ते आपण स्किट बघून ठरवतो का? आपण बघतो सई ताम्हणकर खुर्चीतून किती वाकली आणि प्रसाद ओकनं टेबलावर हात किती आपटला. ते हसले की आपण हसतो. विनोदाचाही निकाल आता दुसऱ्याच्या तोंडावर वाचायचा!

शहरातली माणसं शहाणी असतील म्हणावं, तर पुण्यात २०२२ साली काय झालं? १९६३ पासून चालत आलेला पुरुषोत्तम करंडक. कॉलेजची पोरं महिना महिना रात्री जागवून एकांकिका बसवतात. त्या वर्षी परीक्षकांनी ठरवलं की करंडकाच्या तोलाची एकही एकांकिका नाही, आणि करंडक कुणालाच दिला नाही! साऱ्या महाराष्ट्रात चर्चा पेटली. आपल्याला मात्र एकच कुतूहल आहे. हिंगणीत कुणी हे करून दाखवावं. 'पहिल्या बक्षिसाच्या लायकीचं कुणी नाही' एवढं माइकवर म्हणायचा अवकाश, त्या परीक्षकाला सेलूपर्यंत पायी पळावं लागेल, आणि रस्त्यावरची माणसं त्याच्या पळण्याला मार्क देतील.

अमेरिकेत तरी दुसरं काय होतं? न्यूयॉर्कच्या बावरी भागात मायनर्स नावाचं थिएटर होतं. तिथं व्हॉदव्हिल चालायचं. म्हणजे एका तिकिटात गाणं, नाच, नकला, जादू, कसरती आणि शिकवलेली कुत्रीसुद्धा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथं हौशी कलाकारांची खास रात्र असायची. एखादा बेसूर निघाला की प्रेक्षक बोंब ठोकायचे आणि पडद्याआडून एक लांब काठी यायची, चिंचा पाडायची आकडी असते ना, अगदी तशी. ती गायकाला अडकवायची आणि त्याला स्टेजवरून ओढून न्यायची, तोंडातली तान तोंडातच! तक्ता नाही, साडेसात नाही, प्रोत्साहनपर तर नाहीच नाही. क्रूर म्हणाल? असेल. पण पाच मिनिटांत निकाल लागायचा आणि लोक वेळेवर घरी जायचे, हे काही थोडंथोडकं नाही.

त्याच न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या अपोलो थिएटरात तर हौशी रात्रीचा फैसला अजूनही प्रेक्षकांच्या आरड्याओरड्यावर होतो. तिथं १९३४ साली सतरा वर्षांची एक पोरगी नाचायला म्हणून आली, स्टेजवर गेल्यावर तिचे पाय गळाले, म्हणून नाच सोडून गायली आणि जिंकली. एला फिट्झगेराल्ड! जॅझची पट्टराणी झाली पुढे. आपल्या टेबलासमोर आली असती तर? "नाव नृत्यात, सादर केलं गायन. नियम क्रमांक चारचा भंग. बाद." आणि वरून तिच्या बापाला प्रवेश फी परत मिळाली नसती ती वेगळीच. पुढे १९७६ मध्ये अमेरिकेच्या टीव्हीवर 'गाँग शो' आला. त्यात परीक्षकाला कंटाळा आला की तो उठून टांगलेल्या थाळीवर टोला हाणायचा, खेळ खलास. अशी थाळी आपल्या मंडळानं आणावी, अशी सूचना दरवर्षी येते. पण वाजवायला पुढे होणार कोण? ज्याची पोरगी नाचत असेल तो परीक्षकालाच वाजवेल.

आपल्याकडे आकडीही लागत नव्हती आणि थाळीही. आपल्या विदर्भात खडी गंमत होती. डफावर थाप पडायची, शाहीर उभा राहायचा, नाच्या पदर सावरायचा आणि माणसं रात्रभर बसायची. भंडारा-गोंदियाकडे तर दोन पार्ट्या समोरासमोर उभ्या करून 'दुय्यम' रंगवतात. एकीकडे कलगी, एकीकडे तुरा. एकानं सवाल टाकायचा, दुसऱ्यानं तो फोडायचा, नाही फोडला तर चारचौघांत नाक कापून घ्यायचं. परीक्षक कोण? घोंगडी पांघरून बसलेलं अख्खं गाव! पोळ्याला तोरणाखाली झडत्या म्हणतात, तिथंही तेच. एकानं टोमणा मारला की दुसऱ्यानं त्याहून झणझणीत मारायचा. कोण जिंकलं ते हशा सांगतो. झाडीपट्टीत अजूनही वडश्याच्या कंपन्यांची नाटकं रात्र रात्र चालतात. गाणं आवडलं तर वन्स मोर, नाही आवडलं तर माणसं सरळ उठून चहाच्या टपरीवर. त्याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. त्यांना कुणी कधी वेशभूषेचे साडेसात दिले होते का?

पण हे आज कुणाला सांगायचं? आता आपल्याच तालुक्यातल्या सिंदी रेल्वेला जाऊन बघा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. तिथला तान्हा पोळा म्हणजे डोळ्याचं पारणं फेडणारा. चाकं लावलेले लाकडी नंदी, काही इतके उंच की ओढायला पोरांच्या जोडीला बापमाणसं लागतात, पुढे-मागे देखावे, वाजंत्री आणि ही गर्दी! नागपूरच्या भोसल्यांनी पोरांसाठी ही हौस सुरू केली असं सांगतात. पोरानं लाकडी बैल घरोघरी न्यावा, बोजारा म्हणून हातावर पडतील ती नाणी घ्यावीत, एवढीच ती गंमत. आता सगळ्या गावांत तिचीही स्पर्धा झाली. 'उत्कृष्ट नंदी' आणि 'उत्कृष्ट वेशभूषा'. झालं! बैलाला वॉर्निश, शिंगांना सोनेरी पन्नी, गळ्यात एलईडीची माळ. सुताराला दोन महिने आधी गाठायचं आणि शेजाऱ्याच्या नंदीची उंची त्याच्याकडून हळूच काढून घ्यायची. आणि ऐका तर खरं, काही घरचे नंदी भाड्यानं आणलेले असतात म्हणे! लाज, शरम, काही? (कुठून मिळतात, ते मात्र विचारून ठेवलं पाहिजे.)

वेशभूषेचं तर बघवत नाही. चार वर्षांचा गाडगेबाबा. हातात खराटा, डोक्यावर गाडगं आणि हनुवटीला घरच्याच कापसाची दाढी. आभाळ भरून आलेलं, उकाडा असा की ती दाढी घामानं ओली होऊन आधी गळ्यावर येते, मग तोंडात जाते. गाडगेबाबा भोकाड पसरतात. आई स्टेजच्या कडेवरून ओरडते, "रडू नको, वाक्य म्हण, वाक्य!" पोरगं तोंडातला कापूस थुंकतं आणि माइकमध्ये स्वच्छ आवाजात सांगतं, "मले घरी जायचं हाय." सारं मैदान हसून लोटपोट. त्या दिवशीचा तोच सगळ्यात अस्सल अभिनय. परीक्षकांनी काय केलं? संवादफेकीचे दोन मार्क कापले!

बरं, याला नाकं मुरडणारे तरी कोरडे राहिले का? गुरुदेव सेवा मंडळातले एक आजोबा घ्या. तुकडोजी महाराजांची खंजेरी ऐकत वाढलेली पिढी ती. 'भजनाला मार्क? देवाला परीक्षक?' म्हणून पहिल्या वर्षी ते तणतणत उठून गेले. दुसऱ्या वर्षी मागे उभे राहिले. तिसऱ्या वर्षी खंजेरी भजन स्पर्धेत पहिल्या रांगेत बसून मोबाइलमधल्या घड्याळावर वेळ मोजत होते आणि शेजाऱ्याला कुजबुजत होते, "तिसऱ्या गड्याची टोपी वाकडी हाय. शिस्तीचा अर्धा कापा." बायकांचं तर विचारूच नका. २००४ पासून आदेश भाऊजींनी 'होम मिनिस्टर'मध्ये पैठणी वाटली आणि निवडणुका जवळ आल्या की गावोगाव 'खेळ पैठणीचा' व्हायला लागला. तिथं उखाण्यालाही मार्क! नवऱ्याचं नाव घेताना लाजली किती, याचे वेगळे. चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला लाजण्यात पावणेसहा? तिनं नवऱ्याकडे बघितलं असेल, दुसरं काय!

आणि ही सवय एकदा जिभेला लागली की सुटत नाही. लग्नाच्या पंगतीत आलू-वांग्याच्या भाजीला मार्क. मास्तरांच्या झेंडावंदनाच्या भाषणाला मार्क. परवा एका तेरवीच्या पंगतीत, होय, तेरवीच्या, आपल्या शेजारचा गृहस्थ बुंदी चाखून म्हणाला, "मागच्या तेरवीपेक्षा उजवी." कुणी त्याला गप्प केलं नाही. उलट पलीकडच्यानं विचारलं, "कोणत्या, नवरात्रातल्या का?" वाघाचीही सुटका नाही! बोर धरण आपल्या हाकेवर, २०१४ पासून बोर व्याघ्र प्रकल्प आहे, देशातल्या सगळ्यात लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. पर्यटक पहाटे थंडीत कुडकुडत जिप्सीतून जंगलात जातात आणि परत येऊन चहाच्या टपरीवर मोबाइल काढून तारे वाटतात. 'वाघीण दिसली, पण तोंड पलीकडे होतं. तीन तारे.' म्हणजे तिनं काय करावं? परीक्षकांना नमस्कार करून सुरुवात करावी?

तिकडे यूट्यूबवरच्या 'इंडियाज गॉट लेटंट'नं तर कमालच केली होती. स्पर्धकानं स्वतःलाच मार्क द्यायचे आणि ते परीक्षकांच्या सरासरीशी जुळले की जिंकला. पण २०२५ च्या फेब्रुवारीत एका पाहुण्या परीक्षकाच्या तोंडून नको ते निघालं, प्रकरण पोलिसांत गेलं आणि सगळे भाग काढून टाकावे लागले. नाचणारे-गाणारे राहिले बाजूला, गोत्यात आलं कोण? परीक्षक! आपल्याकडच्या टेबलावर ही बातमी पोचली तेव्हा महिनाभर सगळे परीक्षक फक्त 'छान' एवढंच बोलत होते. फार कंटाळवाणा महिना गेला तो.

पण या सगळ्याचा कळस म्हणजे निकालानंतरचा तास. पत्रिकेवर ठळक छापलेलं असतं, 'परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील.' हिंगणीत एवढा विनोदी मजकूर दुसरा कुठला छापला जात नाही. निकाल लागतो आणि खरा खेळ उभा राहतो. "काहून जी, आमच्या पोट्टीत काय कमी होतं?" "तुमच्या त्या परीक्षकाले नाचातलं काय समजते?" "पहिलीचं गाणं पेनड्राइव्हमध्ये अडकलं, तरी पहिला नंबर?" "अडकलं तरी थांबली नाही, त्याचाच दिला!" एक काका पहिल्या नंबराच्या मुलीची चूक स्वतः नाचून दाखवतात, आणि खरं सांगायचं तर ते मुलीपेक्षा बरं नाचतात. दुसऱ्या बाजूचा मामा तक्ता मागतो. तक्त्यात खाडाखोड सापडते. मग प्रोत्साहनपर बक्षिसं दोनाची चार होतात, चाराची सात. माइकवाल्याला घरी जायचं असतं, पण त्याला कुणी सोडत नाही. लहान पोरं पेंगतात, त्यांना मांडीवर घेऊन आया जागच्या जागी बसून राहतात. घरी जा म्हटलं तरी कुणी हलत नाही. पुरा शारदोत्सव या एका तासासाठी असतो, हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही.

नागपुरात तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मारबतीबरोबर बडग्ये निघतात, वर्षभर ज्यांनी लोकांना छळलं त्यांचे पुतळे करून मिरवतात आणि जाळतात. यंदा परीक्षकाचा बडग्या काढावा असा ठराव आपल्या पारावर आला होता. एकमतानं मंजूर होणार इतक्यात कुणीतरी विचारलं, बडग्यांमध्ये स्पर्धा ठेवली तर परीक्षक कोण? तिथंच सहा हात वर झाले. ठराव बारगळला.

तोवर टेबलावरच्या तीन मूर्ती शाल-श्रीफळ काखोटीला मारून मागच्या बाजूनं गाडीत बसलेल्या असतात. गाडी सेलूच्या वाटेला लागते न लागते तोच गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पहिला मेसेज पडतो. डावीकडचे परीक्षक: पेहराव आठ, अक्षर चार. उजवीकडचे: काजू खाण्याचा वेग दहापैकी दहा. मधल्या बाई: भाषण साडेसहा, पण हावभाव उत्तम. सकाळपर्यंत दीडशे मतं पडतात. आपण त्यात नाही हो! आपल्याला असल्या गोष्टी मुळीच आवडत नाहीत. आपण फक्त बेरीज करून दिली.